द्वारकेजवळ

नऊ आवाज आले होते फाइलमध्ये.
नावं नव्हती, क्रमांक होते,
आणि प्रत्येकापुढे कुणीतरी लिहिलेलं एकेक विशेषण:
आश्वासक. तरुण. उबदार. कामसू.
सातव्यापुढे काहीच नव्हतं.

डॉक्टर गायधनींना हवा होता
गोड, पण लाडिक नको;
ठाम, पण वसुलीवाल्यासारखा नको.
काम एवढंच, आदल्या संध्याकाळी फोन करून सांगायचं:
उद्या तुमचं डायलिसिस, दुसरी पाळी,
अकरा वाजता, सेंटर द्वारकेजवळ,
काही अडचण असेल तर बोला.

हे चौदा वर्षं पुष्पलता खैरनार करायच्या.
त्यांचे जुने कॉल मी सातपूरच्या ऑफिसात ऐकले,
शेजारच्या पत्रे कापायच्या कारखान्याला
जेवणाची सुट्टी होईपर्यंत.
त्या हॅलो म्हणत नाहीत.
"हं, झोपला नव्हतात ना?" म्हणतात.
मधेच कुकरची शिट्टी, मग "थांबा हं",
आणि ते थांबणं किती,
मी मोजलं. साडेसहा सेकंद.
यंत्र साडेसहा सेकंद गप्प राहिलं
तर लोक फोन ठेवून देतात.

सातवा घेतला.
वेग ब्याण्णव टक्के. स्वर अर्धी पायरी खाली.
'अकरा'नंतर श्वासाएवढी जागा,
कारण सटाण्याहून पहिल्या एसटीने नाशकात येणाऱ्याला
अकरा म्हणजे अकराच
हे आत उतरायला वेळ लागतो.

सगळं जमलं. 'जवळ' जमेना.

ज जन्मातला म्हणे, जाईतला म्हणेना.
आणि ळ तर दारातच थबकायचा, ल होऊन.
जवल. द्वारकेजवल.
रात्री साडेनऊपर्यंत हा एकच शब्द.
ज-खाली नुक्ता दिला. ळ दोनदा लिहिला.
ळ-साठी जीभ मागे वळवायची असते,
टाळूला टेकवून सोडायची.
टाळूच नसलेल्याला हे कसं सांगणार?
घरी जाताना स्कूटरवर, हेल्मेटच्या आत,
मीच म्हणत राहिले, जवळ, जवळ,
तर त्र्यंबक रोडच्या सिग्नलला
शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं,
कुठं जवळ, ताई?

चाचणीचा पहिला फोन दगाजी अहिररावांना.
वय एकाहत्तर. सोम, बुध, शुक्र.
पहिलं वाक्य नियमाप्रमाणे:
मी संगणकाचा आवाज आहे.
मग अकरा. मग ती जागा.
मग द्वारकेजवळ, बऱ्यापैकी.
पलीकडे कुणीतरी टीव्ही बारीक केला.

"बाई, घसा बसलाय तुमचा.
पाणी प्या.
तुम्हाला चालतं ना?"

त्यांना दिवसाला पाऊण लिटर.
चहा, वरण,
गोळीबरोबरचा घोट धरून.

यंत्रानं नेमून दिलेलं म्हटलं:
माफ करा, मला समजलं नाही.

मी मधे पडले. म्हटलं, आजोबा, ते मशीन आहे.
"ऐकलं की. आधीच सांगितलं तिनं.
आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास,
मशीनच्याच शेजारी पडून असतो मी.
तीपण मधेच कुरकुरते.
मग सिस्टर येते, नळी सरळ करते,
दोन थापट्या देते, की चालू."

फोन ठेवल्यावर परत ऐकलं.
'अकरा'नंतरची ती जागा,
इतकी मापून ठेवलेली,
त्यांना कोरड वाटली असणार.
ती कमी करू का, हे डॉक्टरांना विचारलं नाही.
"समजलं नाही" तेवढं खोडलं.
तिथे काय घालायचं ते सुचेना
म्हणून टेबलावरची बाटली उचलली.

किती घोट झाले,
मोजले नाहीत.